विद्युत् अभियांत्रिकीतील पदव्युत्तर संशोधन : पुणे

विद्युत् अभियांत्रिकीची पहिली पदवी मिळविल्यानंतर विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले आणि प्रबंधाच्या रूपाने विद्यापीठास सादर केलेले नवे काम म्हणजे या विषयातील पदव्युत्तर संशोधन होय. मापनाची रीत, उपकरणाची रचना किंवा विश्लेषणाची पद्धती यांपैकी निदान एक गोष्ट तरी पूर्वी नसलेली असावी, अशी त्यात अपेक्षा असते. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ पासून चालू आहे. परंतु जगाने दखल घ्यावी असे विद्युत् अभियांत्रिकीतील संशोधन तेथे उभे राहण्यास त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला. ते उभे राहिले तेही अभियांत्रिकी महाविद्यालयात नव्हे, तर खगोलशास्त्राच्या आश्रयाने, एका रेडिओ दुर्बिणीच्या भोवती. असे का झाले आणि त्यामुळे विद्यार्थ्याच्या प्रबंधापुढे कोणती अडचण उभी राहिली, याचा विचार प्रस्तुत नोंदीत मुख्यतः केला आहे.

पूर्वपीठिका : पुण्यातील अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून. पुढे त्याचे विज्ञान महाविद्यालयात आणि १९११ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयात रूपांतर झाले. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी येथूनच १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण केली. रस्ते, पूल, कालवे व धरणे हा या शिक्षणाचा गाभा होता. विद्युत् शास्त्राला स्वतंत्र स्थान हळूहळू मिळत गेले आणि मुंबई विद्यापीठाची विद्युत् अभियांत्रिकीतील पदवी येथे १९३० नंतरच्या दशकात मिळू लागली.

पाश्चात्त्य देशांतही हा विषय फार जुना नाही. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकन संस्थेत विद्युत् अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम १८८२ मध्ये सुरू झाला. पुण्याचे केशव मल्हार भट त्याच वर्षी त्या संस्थेत दाखल झाले, हा एक लक्षात राहण्याजोगा योगायोग आहे. प्रशियातील तांत्रिक विद्यालयांना अभियांत्रिकीतील डॉक्टरेट देण्याचा अधिकार १८९९ मध्ये मिळाला, तर मॅसॅचूसेट्स येथील संस्थेने विद्युत् अभियांत्रिकीतील आपली पहिली डॉक्टरेट १९१० मध्ये दिली. भारतात बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९११ पासून विद्युत् तंत्रविद्येचा विभाग होता. पुण्याचा पदवीधर पुढे शिकू इच्छीत असल्यास त्याला बहुधा बंगलोर किंवा परदेश असे दोनच मार्ग होते.

वास्तविक विजेचा वापर पुण्याच्या परिसरात लवकर आला. खोपोलीचे जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, त्यानंतर भिवपुरी आणि भिरा येथील केंद्रे उभी राहिली, व मुंबई–पुणे लोहमार्गावर १९३० च्या सुमारास १,५०० व्होल्टच्या एकदिश विद्युत् प्रवाहावर गाड्या धावू लागल्या. परंतु जनित्रे, रोहित्रे व एंजिने परदेशातून येत, त्यांचे आराखडे तेथेच होत आणि बिघाड झाल्यास सल्लाही तेथूनच घेतला जाई. येथील अभियंत्याकडे यंत्र नीट चालविण्याचे काम होते. ते कौशल्याचे होते, यात शंका नाही. पण ज्याचा आराखडाच आपण केलेला नाही, त्या यंत्राविषयी मूलभूत प्रश्न विचारण्याचा प्रसंग सहसा येत नाही. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाल्यावर पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आधार मिळाला, तरी एका-दोन वर्षांत पुऱ्या होणाऱ्या प्रबंधिकांचा रोख दीर्घकाळ ज्ञात रीतींचा नव्या उदाहरणास उपयोग करण्याकडेच राहिला.

स्टॅनफर्ड येथील एक प्रबंध : पुण्यातील पुढील कामाचे मूळ एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे अलाहाबाद विद्यापीठाचे भौतिकीचे पदव्युत्तर पदवीधर. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत कारियमाणिक्कम् श्रीनिवास कृष्णन् यांच्या हाताखाली काही काळ काम केल्यावर ते १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात रेडिओ ज्योतिषशास्त्र शिकावयास गेले. नंतर त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉनल्ड ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटसाठी काम केले व १९६१ मध्ये ती पदवी मिळविली. ब्रेसवेल यांचा गट विद्युत् अभियांत्रिकीच्या विभागात होता. त्यामुळे सूर्याचा अभ्यास हा प्रबंधाचा विषय असला, तरी पदवी विद्युत् अभियांत्रिकीची होती.

ब्रेसवेल यांनी प्रत्येकी सुमारे ३ मी. व्यासाचे ३२ अन्वस्ती आकाशक (अँटेना) क्रुसाच्या आकारात मांडले होते आणि ते ९·१ सेंमी. तरंगलांबीवर सूर्याचे निरीक्षण करीत. सर्व आकाशकांकडून येणारे संदेश एकाच कलेत एकत्र आले पाहिजेत, म्हणजे त्यांचे चढउतार एकाच क्षणी जुळले पाहिजेत. नाही तर ते परस्परांस मारक ठरतात आणि प्रतिमा पुसट होते. मुक्त अवकाशात या तरंगाच्या मार्गात १ सेंमी.चा फरक पडला, तरी कला सुमारे ४०° नी ढळते. शंभराहून अधिक मीटर पसरलेल्या वाहिन्यांची लांबी अशा काटेकोरपणे जुळविणे हे आठवडेच्या आठवडे चालणारे जिकिरीचे काम होते. तापमान बदलले की पुन्हा आरंभापासून सुरुवात.

स्वरूप यांनी के. एस. यांग या सहकाऱ्याबरोबर यावर काढलेला उपाय साधा होता. आकाशकाच्या टोकाशी एक लहान परावर्तक बसवून तो ठराविक नीच कंप्रतेने (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येने) चालू-बंद करावयाचा आणि मध्यवर्ती केंद्रातून वाहिनीत एक संदेश सोडावयाचा. हा संदेश टोकापर्यंत जाऊन परत येतो. वाटेतील प्रत्येक सांध्यावरूनही थोडे परावर्तन होतच असते. परंतु चालू-बंद होण्याची खूण फक्त टोकाकडून आलेल्या संदेशावर असल्याने तोच नेमका निवडता येतो. जाण्यायेण्यात त्याची कला किती बदलली हे मोजले की, वाहिनीची विद्युतीय लांबी कळते. आकाशकाजवळ न जाता केंद्रात बसूनच हे मापन करता येत असल्यामुळे कित्येक दिवसांचे काम थोड्या वेळात होऊ लागले. ही रीत १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढे अनेक मोठ्या रेडिओ दुर्बिणींत तिचे निरनिराळे प्रकार वापरण्यात आले. सूर्याविषयीच्या निष्कर्षांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ही पद्धती टिकून राहिली. उपकरण नीट चालावे म्हणून सोडविलेला प्रश्न हाच संशोधनाचा भाग होऊ शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कल्याण व उटी : होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथील १·८ मी. व्यासाचे ३२ आकाशक त्या देशाने भारतास भेट म्हणून देऊ केले होते. वाहतुकीचा खर्च कोणी करावयाचा या मुद्द्यावरून ते येण्यासच विलंब झाला आणि आल्यावर काही वर्षे दिल्लीत पडून राहिले. कल्याणजवळ १९६५ मध्ये ते उभे करण्यात आले व ६१० मेगॅहर्ट्झ कंप्रतेवर सूर्याची निरीक्षणे सुरू झाली. ही देशातील या प्रकारची पहिली मांडणी. येथे तरंगलांबी सुमारे ४९ सेंमी. होती, म्हणजे १ सेंमी.च्या चुकीने कला जेमतेम ७° नी ढळे. नवख्या विद्यार्थ्यांना हात बसविण्यासाठी हा पल्ला सोयीचा होता. भौतिकी किंवा अभियांत्रिकी शिकून आलेल्या या तरुणांनी ग्राही (रिसीव्हर) व विवर्धक स्वतः जोडले.

याच गटाने उटकमंडजवळ ५३० मी. लांब व ३० मी. रुंद अन्वस्ती दंडगोल बांधला आणि तो १९७० मध्ये कार्यान्वित झाला. या स्थळाचे अक्षवृत्त सुमारे ११° उत्तर आहे. तेवढ्याच उताराची टेकडी शोधून तीवर दुर्बीण आडवी घातल्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर झाला, व एकाच अक्षाभोवती फिरवून एखाद्या उद्गमाचा सुमारे साडेनऊ तास मागोवा घेणे शक्य झाले. नाभिरेषेवरील द्विध्रुवांची कला जुळविणे हे काम मात्र विद्युत् अभियंत्याचेच होते. दुर्बिणीचे वर्णन करणारा लेख १९७१ मध्ये नेचर फिजिकल सायन्स या नियतकालिकात आला, त्यावर दहा लेखकांची नावे आहेत. त्यांत जोशी, दामले, भावे ही मराठी आडनावेही आढळतात.

चंद्र एखाद्या रेडिओ उद्गमासमोरून जात असताना संदेश कसा मंदावतो हे नोंदवून उटीच्या दुर्बिणीने अनेक दूरस्थ उद्गमांचे कोनीय आकार काढले. विजय कपाही व स्वरूप यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, मंद उद्गम सरासरीने लहान दिसतात आणि विश्व काळानुसार बदलत आले आहे असे मानल्यास या निरीक्षणांची संगती लागते, असे दाखविले. फ्रेड हॉइल प्रभृतींनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतास हा निष्कर्ष प्रतिकूल होता. या सिद्धांताचे भारतातील पुरस्कर्ते जयंत नारळीकर यांनी पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात ज्या केंद्राची उभारणी केली (आयुका, १९८८), त्याच्या शेजारीच स्वरूप यांचा गट येऊन वसला. दोन्ही संस्थांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एकत्र वर्ग चालविले. मतभेद असलेल्यांनी एकाच फळ्यापुढे विद्यार्थी घडवावेत, ही पुण्याच्या विद्याजीवनातील समाधानाची गोष्ट होय.

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) : या दुर्बिणीची कल्पना १९८४ मध्ये मांडली गेली. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किमी. अंतरावर, नारायणगावनजीक खोडद येथे तिचे मध्यवर्ती क्षेत्र आहे. प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक असून त्यांपैकी १४ सुमारे एक चौ. किमी. क्षेत्रात व १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर आहेत. एकूण विस्तार सुमारे २५ किमी. आहे. पोलादी दोरांच्या ताणावर तारेची जाळी बसविण्याच्या युक्तीमुळे बशी हलकी झाली व खर्च आटोक्यात राहिला. टाटा संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे (एनसीआरए) तिची व्यवस्था असून केंद्राचे मुख्यालय विद्यापीठाच्या आवारात आहे. दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाली व २००२ पासून जगातील शास्त्रज्ञांस वापरासाठी उपलब्ध झाली.

स्टॅनफर्डच्या प्रबंधातील प्रश्न येथे मोठ्या प्रमाणावर पुन्हा पुढे आला. आकाशकांकडील संदेश १३० व १७५ मेगॅहर्ट्झ या मधल्या कंप्रतांवर आणून प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत नेले जात. सामान्य काचतंतू १० किमी. लांबीचा असल्यास १° से. तापमानवाढीने त्यातील विलंब सुमारे ०·४ नॅनोसेकंदाने बदलतो. हायड्रोजनाच्या १,४२० मेगॅहर्ट्झ कंप्रतेचे एक आवर्तन ०·७ नॅनोसेकंदाचे, म्हणजे एका अंशाने निम्म्याहून अधिक आवर्तन हातचे जाते. तंतू जमिनीत पुरल्याने तापमान संथपणे बदलते, आणि मध्यंतरी एखाद्या परिचित उद्गमाकडे आकाशक वळवून उरलेली चूक काढून टाकता येते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणूनच जुन्नरच्या उन्हाळ्यात ही निरीक्षणे शक्य होतात.

कल्पना १९८४ ची आणि वापर २००२ पासून, म्हणजे मध्ये अठरा वर्षे गेली. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याजवळ साधारणतः पाच वर्षे असतात. प्रबंधात त्याचे स्वतःचे, इतरांपासून वेगळे काढता येणारे काम दाखवावे लागते, तर मोठे उपकरण अनेकांच्या हातून घडते व त्यातील एका विवर्धकाचे श्रेय एका व्यक्तीस देणेही कठीण असते. परिणामी, जो दुर्बीण वापरून नवा उद्गम शोधतो त्याला पदवी मिळते. ज्याने तिचा ग्राही दहा वर्षे सुधारला तो अभियंता पदवीविना राहण्याचा संभव अधिक असतो. हा दोष पुण्यापुरता मर्यादित नाही. मोठ्या उपकरणांवर अवलंबून असलेल्या सर्वच विज्ञानशाखांत तो आढळतो. तथापि भौतिकीच्या परीक्षकास उपकरण म्हणजे साधन वाटते आणि अभियांत्रिकीच्या परीक्षकास आकाश हा परका विषय वाटतो, अशी दुहेरी अडचण येथे होती, हे मान्य करावे लागते. स्वरूप यांना स्टॅनफर्डमध्ये ती जाणवली नाही, कारण तेथे दुर्बीण व पदवी एकाच विभागाच्या छपराखाली होती.

ही कोंडी काही अंशी फुटली ती संगणकामुळे. तीस आकाशकांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या संदेशांचा गुणाकार सतत करावा लागतो. हे करणाऱ्या यंत्रणेस सहसंबंधक म्हणतात. जीएमआरटीचा पहिला सहसंबंधक खास बनविलेल्या मंडल-चकत्यांवर (चिपांवर) आधारलेला होता. त्याची रचना एकदा गोठली की, विद्यार्थ्याला तीत बदल करण्यास वाव नसे. ऑस्ट्रेलियातील स्विनबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा संच वापरून, ३२ मेगॅहर्ट्झ पट्टा हाताळणारा प्रत्यक्षकालीन सहसंबंधक तयार झाला व त्याचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आता गुणाकाराचा नियम आज्ञावलीत आला. एखाद्या विद्यार्थ्याने स्पंदकांच्या (पल्सारांच्या) शोधासाठी नवी रीत सुचविली, तर ती काही आठवड्यांत लिहून रात्रीच्या निरीक्षणात पडताळता येऊ लागली, आणि ते काम कोणाचे याविषयी संदेह उरला नाही.

यशवंत गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली दुर्बिणीचे पुढे जे अद्ययावतीकरण झाले त्यात पट्टारुंदी ३२ वरून ४०० मेगॅहर्ट्झवर गेली व सुमारे १२० ते १,४५० मेगॅहर्ट्झ हा पल्ला जवळजवळ सलगपणे उपलब्ध झाला. रुंद पट्ट्याबरोबर मानवनिर्मित व्यत्ययही आत आला. उच्च दाबाच्या तारांवरील सैल जोडात किंवा फुटक्या निरोधकावर ठिणगी उडते तेव्हा अत्यंत अल्पकाळाचा पण विस्तृत पट्ट्यावर पसरलेला रेडिओ झटका निर्माण होतो. तो ओळखण्यासाठी नेहमीची सरासरी उपयोगी पडत नाही, कारण मोठा झटका सरासरीलाच आपल्याकडे ओढतो. म्हणून मापांचा मध्यक व त्यापासूनच्या विचलनांचा मध्यक काढून मर्यादा ठरवितात आणि तिच्यापलीकडील मापे जागच्या जागी वगळतात. दर सेकंदास कोट्यवधी मापांवर हे करणारी मंडले सिद्ध करणे हा निखळ विद्युत् अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. पुण्यातील व बाहेरील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी प्रकल्पांच्या निमित्ताने अशा कामांत सहभागी होतात. स्पंदकांच्या ठोक्यांवरून अतिनीच कंप्रतेच्या गुरुत्वीय तरंगांचा पुरावा मिळाल्याचे जून २०२३ मध्ये जाहीर झाले, त्यात यूरोपीय गटाच्या निरीक्षणांबरोबर जीएमआरटीच्या निरीक्षणांचाही वाटा होता.

इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स एंजिनिअर्स या जागतिक संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये या दुर्बिणीस अभियांत्रिकीतील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. भारतात जगदीशचंद्र बोस व चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या कार्यानंतरची ही तिसरी मान्यता होय. स्वरूप यांचे पुण्यात ७ सप्टेंबर २०२० रोजी निधन झाले होते; त्यांना ती पाहावयास मिळाली नाही.

इतर संस्था : रेडिओ दुर्बिणीखेरीजही शहरात या क्षेत्रातील काम झाले आहे. प्रगत संगणन विकास केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा समांतर महासंगणक तयार झाला. खडकी येथे १९५२ मध्ये सुरू झालेली व नंतर गिरिनगरला गेलेली संरक्षणविषयक तंत्रविद्या संस्था पुढे अभिमत विद्यापीठ झाली. तेथील काही विषय स्वभावतःच जाहीर चर्चेस खुले नसतात. अभियांत्रिकी महाविद्यालयास २०२२ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यामुळे प्रबंधाचे नियम आपल्या गरजेनुसार ठरविण्याची मोकळीक त्यास प्रथमच लाभली आहे. टाटा संस्था २००२ पासून अभिमत विद्यापीठ असल्याने तिच्या विद्यार्थ्यांस पदवीसाठी अन्य विद्यापीठाकडे जावे लागत नाही.

दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथे उभारल्या जात असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीतील सहभागासाठी भारत सरकारने १,२५० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिल्याचे २०२४ च्या आरंभी जाहीर झाले. तिच्या नियंत्रण-यंत्रणेच्या आज्ञावलीचे बरेच काम पुण्यात चालते. खोडद येथील दुर्बिणीपुढचा प्रश्न मात्र स्थानिक आहे. पुणे–नाशिक नियोजित रेल्वेमार्गाचा पूर्वीचा आराखडा नारायणगाव परिसरातून जात होता. विद्युत् एंजिनाचा छत्री-संपर्क तारेवरून घसरताना उडणाऱ्या ठिणग्यांचा व्यत्यय आकाशकांस पोहोचेल, या कारणास्तव दुसऱ्या मार्गाचा विचार करण्यात आला. परिसरातील प्रवाशांची आणि शेतमाल बाजारात नेणाऱ्यांची गरज खरी आहे व दुर्बिणीची हरकतही खरी आहे. २५,००० व्होल्टच्या तारेवरील ठिणगीपासून किती अंतरावर, कोणत्या कंप्रतेस किती व्यत्यय पोहोचतो, टेकड्यांच्या आडोशाने तो किती घटतो आणि कोणत्या प्रकारच्या संपर्काने ठिणग्या कमी होतील, या प्रश्नांची उत्तरे मोजूनच मिळणारी आहेत. तशा मापनास लागणारे आकाशक, ग्राही व जाणकार माणसे ही सर्व जुन्नर तालुक्यात हाताशी आहेत.